एका मोसमाचं गलबत: 'नॉर्थ वेस्ट अमेरिका', नूटका, १७८८-८९

खाडीपलीकडचा

कॅनडाच्या पश्चिम टोकाला व्हँकुव्हर बेट, त्याच्या समुद्राकडच्या अंगाला नूटका ही खाडी आणि खाडीच्या तोंडाशी युकॉट हे मोवाचाट ह्या मूळनिवासी लोकांचं गाव. २० सप्टेंबर १७८८ ला, ऐन भरतीच्या वेळी, तिथल्या किनाऱ्यावरून चाळीस-पन्नास टनांचं एक स्कूनर, म्हणजे लहानसं शिडाचं जहाज, पाण्यात सोडलं गेलं. नाव 'नॉर्थ वेस्ट अमेरिका'. त्या किनाऱ्यावर युरोपीय पद्धतीने बांधलेलं हे पहिलं जहाज. नऊ महिनेही पुरे झाले नव्हते, तोवर ते स्पॅनिशांनी जप्त केलं आणि त्याचं नावही बदललं. त्यातले धंद्याचे म्हणावेत असे जेमतेम सहा आठवडे. पण पुढच्याच वर्षी ब्रिटन आणि स्पेन लढाईच्या तयारीला लागले, तेव्हा तक्रारीच्या कागदात हे एवढंसं जहाज अगदी ठसठशीत होतं.

बांधणारा जॉन मेअर्स. ब्रिटिश आरमारातला माजी लेफ्टनंट, नंतर स्वतंत्र व्यापारी. १७८६ मध्ये कलकत्त्याहून 'नूटका' नावाचं जहाज घेऊन समुद्री ऊदमांजराच्या कातड्यांसाठी अलास्काकडे गेला आणि प्रिन्स विल्यम साउंडमध्ये हिवाळ्याच्या बर्फात अडकला. स्कर्व्हीने २३ माणसं मेली. वसंतात पोर्टलॉक आणि डिक्सन हे दोन इंग्रज कप्तान पोचले म्हणून बाकीचे वाचले. ह्या दोघांकडे कातडी-व्यापाराचा रीतसर परवाना होता, मेअर्सकडे नव्हता. त्यामुळे मदत केली ती 'ह्या किनाऱ्यावर पुन्हा धंदा करणार नाही' असं लिहून घेऊन! साहेब पुढच्याच वर्षी हजर.

परवान्याची भानगड अशी की इंग्रज माणसाला चीनशी व्यापार करायचा तर मक्ता ईस्ट इंडिया कंपनीचा, आणि अमेरिकेचा पॅसिफिक किनारा साउथ सी कंपनीकडे. दोन्हीकडे पैसे मोजा. मेअर्सने चीनच्या किनाऱ्यावरच्या पोर्तुगीज मकावमध्ये एक पोर्तुगीज भागीदार गाठला, जहाजांना 'फेलिस' आणि 'इफिजिनिया' अशी नावं दिली, कागद पोर्तुगीज, झेंडा पोर्तुगीज, आणि 'इफिजिनिया'वर नावापुरता पोर्तुगीज कप्तानही ठेवला. खरी सूत्रं विल्यम डग्लसच्या हाती. जानेवारी १७८८ मध्ये दोन्ही जहाजं निघाली. सोबत चिनी सुतार, लोहार आणि इतर कारागीर.

'फेलिस' १३ मे रोजी नूटकाला लागलं. जहाज बांधायची वेळ आली तेव्हाची स्थिती मेअर्सने स्वतःच लिहून ठेवली आहे: लाकूड अजून जंगलात उभं, लोखंड कांबींच्या रूपात आणि दोरखंड एका जाड नांगरदोराच्या पोटात. म्हणजे झाडं पाडायची, कांबी ठोकून खिळे-बोल्ट करायचे, जाड दोर उसवून बारीक दोऱ्या वळायच्या. इंग्रज सुतार मोजके. चिन्यांना जहाज बांधता येत होतं, पण ते त्यांच्या पद्धतीचं, ही बांधणी त्यांना नवी. मेअर्स स्वतः मध्येच दक्षिणेकडे व्यापाराला निघून गेला, किनाऱ्यावरची मंडळी काम ओढत राहिली. चार महिन्यांत स्कूनर उभं राहिलं.

पाण्यात उतरवण्याचा प्रसंग भारी आहे. तोफेचा बार झाला, आधार काढले आणि जहाज इतक्या जोरात घसरलं की थेट बंदराच्या तोंडाकडेच निघालं. थांबवायचं कसं? नांगर आणि त्याचा दोर जहाजावर ठेवायचेच विसरले होते. होड्या मागे धावल्या, बांधून ओढून आणलं. हवाई बेटांचा सरदार कायाना, जो मेअर्सबरोबर चीन पाहून परतत होता, तो त्या वेळी डेकवर होता आणि आनंदाने नाचत होता. चिनी सुतार मात्र हे सगळं बघून चक्रावले.

मेअर्स लिहितो की त्या वेळी किनाऱ्यावरच्या घरावर आणि नव्या जहाजावर इंग्रज निशाण फडकत होतं. त्याच्या पुस्तकात ह्या प्रसंगाचं झोकदार चित्रही आहे. पण शेजारीच नांगरलेली त्याची जहाजं पोर्तुगीज कागदांवर आलेली! हे पुस्तक १७९० चं, म्हणजे भांडण लंडनला पोचल्यानंतरचं, हे लक्षात ठेवून वाचायचं.

कप्तान नेमला रॉबर्ट फंटर. मेअर्स माल घेऊन चीनला गेला. 'इफिजिनिया' आणि स्कूनर ऑक्टोबरअखेर हवाईकडे निघाले, हिवाळा तिथे काढला, कायानाला घरी सोडलं, आणि एप्रिल १७८९ च्या अखेरीस नूटकाला परतले. स्कूनर लगेच उत्तरेकडे कातडी गोळा करायला रवाना झालं.

५ मे रोजी एस्तेबान होसे मार्तिनेझ स्पॅनिश युद्धनौका घेऊन नूटकात दाखल झाला. रशियन लोक इथे ठाणं मांडणार अशी खबर मेक्सिकोत पोचली होती, म्हणून व्हाइसरॉयने त्याला आधी पाठवलं. रशियन नव्हतेच, सापडले हे. त्याने 'इफिजिनिया' पकडली, कागद तपासले, मग हमी लिहून घेऊन सोडली. स्कूनर ताब्यात द्यावं म्हणून फंटरच्या नावे चिठ्ठी लिहायला डग्लसला भाग पाडलं. डग्लसचं म्हणणं असं की मार्तिनेझला इंग्रजी वाचता येत नव्हतं, त्यामुळे चिठ्ठीत आपण आपल्याला हवं तेच लिहिलं. उपयोग काही झाला नाही. जूनच्या ८-९ तारखेला फंटर दोनशेच्या वर कातडी घेऊन बिनधास्त खाडीत शिरला आणि जहाज गेलं. पुढच्या काही दिवसांत मकावचा तो भागीदार दिवाळखोर झाल्याची बातमी आली. मग मार्तिनेझला कारणही मिळालं: 'इफिजिनिया'ला दिलेल्या सामानाच्या पैशांपोटी हे स्कूनर आमच्याकडे राहील.

माझं मत सरळ आहे. ह्या जहाजाने समुद्रावर जे केलं ते किरकोळ. कागदावर त्याच्याकडून जे करवून घेतलं गेलं ते अफाट. बोला.

---

तिरकस

लेख झकास. पण मूळ प्रश्न राहिला: चिन्यांना ह्या मांजराच्या कातड्याचं एवढं काय पडलं होतं?

---

खाडीपलीकडचा

थंडी आणि ऐट, दोन्ही. समुद्री ऊदमांजराच्या अंगावर देवमाशासारखा चरबीचा थर नसतो. बर्फगार पाण्यात त्याला ऊब देते ती फक्त लव. सगळ्या प्राण्यांत सर्वांत दाट, एका चौरस सेंटीमीटरवर लाखाच्या वर केस. उत्तर चीनच्या हिवाळ्यात श्रीमंतांच्या झग्यांना ह्याची किनार लागायची.

धंद्याला तोंड फुटलं ते कप्तान कुकच्या मोहिमेमुळे. १७७८ मध्ये कुकच्या खलाशांनी नूटकाला सहज म्हणून कातडी घेतली, पांघरली, अंथरली. कुक हवाईत मारला गेला. जहाजं चीनमधल्या कँटन बंदराला लागल्यावर उत्तम कातड्याला १२० डॉलरपर्यंत भाव आला. खलाशी माघारी अमेरिकेला चला म्हणून बंडाच्या बेतात होते. मोहिमेचा वृत्तांत १७८४ मध्ये छापून आला आणि १७८५ मध्ये जेम्स हॅना मकावहून ६० टनांचं जहाज घेऊन गेलासुद्धा. ५६० कातडी, विक्री २०,६०० डॉलर. हा आकडा कळल्यावर कोण घरी बसेल?

---

जहाजी_काका

चाळीस वर्षं बोटीवर काढली आहेत, म्हणून थोडं तांत्रिक.

एवढं लहान जहाज कशाला, असं वाचणाऱ्याला वाटेल. त्या किनाऱ्याचा नकाशा उघडा. सगळा फाटलेला किनारा, आत आत जाणाऱ्या अरुंद खाड्या, मध्ये बेटं, खडक, धुकं आणि भरती-ओहोटीचा ओढा. दोनशे टनांचं चौकोनी शिडांचं जहाज तिथे आत नेणं म्हणजे जीव मुठीत. ते बाहेर नांगरून ठेवायचं आणि स्कूनर आत पाठवायचं. स्कूनरची शिडं जहाजाच्या लांबीच्या रेषेत लागतात, वारा तिरका समोरून आला तरी पुढे सरकता येतं, आणि शिडं आवरायला माणसं कमी लागतात. मोठं जहाज दुकान, स्कूनर फिरता विक्रेता. मेअर्सचा हिशोब इथे पक्का होता.

दुसरं, ओल्या लाकडाचं. जंगलातून पाडून चार महिन्यांत जहाज उभं केलं म्हणजे लाकूड मुरलेलं नाही. ते सुकताना आक्रसतं, फळ्यांचे सांधे उघडतात, आणि पाणी उपसायचं काम कायमचं मागे लागतं. असलं जहाज फार वर्षं टिकावं अशी अपेक्षा बांधणाऱ्यानेही ठेवली नसावी. हे पकडलं गेलं नसतं तरी त्याला दीर्घायुष्य लाभलं असतं असं मला वाटत नाही.

आणि नांगर विसरणं! उतरणीला चरबी फासलेली असते, आधार काढले की जहाज कोणाच्या बापाचं ऐकत नाही. म्हणून पाण्यात उतरताना नांगर तयार ठेवणं हा पहिला धडा. आरमारातल्या लेफ्टनंटकडून हे व्हावं? पण त्याने ते लपवलं नाही, स्वतःच छापलं, ह्याचं कौतुक आहे.

---

तिरकस

काका, जे लपवता येणार नव्हतं ते छापलं. त्याच आठवड्यात अमेरिकन जहाज येऊन उभं होतं ना तिथे?

---

खाडीपलीकडचा

@तिरकस, बरोबर. रॉबर्ट ग्रेचं 'लेडी वॉशिंग्टन' १७ सप्टेंबरला आलं होतं. बघे होते.

---

शमी

मला चिनी कारागिरांबद्दल वाचायचं होतं आणि ते दोन ओळींत आटोपलंत.

मेअर्सने त्यांना का नेलं हे त्याने उघड लिहिलंय: कष्टाळू, हुशार, मासे-भातावर राहणारे आणि कमी पगारात येणारे. चिनी लोक ब्रिटिश कोलंबियात, म्हणजे कॅनडाच्या ह्या पश्चिमेकडच्या प्रांतात, प्रथम आले ते ह्या तुकडीबरोबर, असं आज मानलं जातं. पण जहाज बांधणाऱ्या एकाचंही नाव तोंडावर येत नाही. फंटर, डग्लस, मेअर्स, मार्तिनेझ सगळे नावानिशी, आणि ज्यांनी फळ्या तासल्या ते 'चिनी सुतार'. १७८९ मध्ये जेम्स कोलनेट 'आर्गोनॉट'वरून आणखी चिनी कारागीर घेऊन आला, तर मार्तिनेझने जहाजासकट त्यांनाही धरलं आणि आपल्या कामाला लावलं. ह्या माणसांनी ना कुठल्या झेंड्याची शपथ घेतली होती, ना कुठल्या राजाची. मालकांच्या भांडणात हे जहाजाच्या सामानासारखे ह्या हातातून त्या हातात गेले.

मोवाचाट लोकांचंही तेच. ज्यांच्या गावात हे सगळं चाललंय त्यांचा लेखात पत्ताच नाही.

---

खाडीपलीकडचा

शमी, रास्त तक्रार आहे.

मोवाचाटांचा प्रमुख माक्विना. व्यापार त्याच्या परवानगीने चालायचा आणि आजूबाजूच्या गावांचा मालही बराचसा त्याच्या हातून जायचा. तांबं, लोखंडी छिन्न्या, कापड ह्यांवर सौदे व्हायचे. तांब्याच्या पत्र्याला विशेष मान. आज तांबं चालतं म्हणून उद्या चालेलच असं नाही, माल पसरल्यावर भाव पडायचे आणि गोऱ्या कप्तानांची तारांबळ उडायची. भोळेभाबडे आदिवासी आणि लबाड गोरे हे चित्र इथे बसत नाही. ही मंडळी पक्की व्यापारी होती.

माक्विनाच्या जवळचा दुसरा मोठा माणूस कॅलिकम. मेअर्सशी त्याचा चांगला दोस्ताना. १३ जुलै १७८९ ला, जहाजांची धरपकड चालू असताना, तो नावेतून आला आणि मार्तिनेझला चोर म्हणून ओरडू लागला. स्पॅनिशांनी त्याला गोळी घातली. ह्या सगळ्या जप्ती-प्रकरणात पहिला बळी गेला तो त्या गावच्या माणसाचा. लंडन-माद्रिदच्या पत्रव्यवहारात वजन मात्र कातड्यांना आणि निशाणाला.

---

बोकोबा

आता आमच्या मुंबईची बाजू मांडतो.

मेअर्सच्या आधी, डिसेंबर १७८५ मध्ये, मुंबई बंदरातून दोन जहाजं ह्याच नूटकाला निघाली होती: 'कॅप्टन कुक' साधारण ३०० टनांचं आणि 'एक्सपेरिमेंट' १०० टनांचं. म्होरक्या जेम्स स्ट्रेंज, कंपनीचा नोकर. पैसा मुंबईतल्या खासगी व्यापाऱ्यांचा, त्यात डेव्हिड स्कॉट प्रमुख. जून १७८६ च्या अखेरीस नूटकाला पोचले. हॅना आदल्याच वर्षी माल उचलून गेलेला. सहाशेच्या आसपास कातडी मिळाली, चीनमध्ये २४,००० डॉलर आले, आणि एवढ्या खर्चाच्या मोहिमेला तो आकडा काहीच नव्हता. घाट्याचा सौदा.

ह्यातली दोन माणसं मात्र विसरण्यासारखी नाहीत. एक जॉन मॅके, आयरिश, आधी मुंबईत कंपनीच्या फौजेत शिपाई. नूटकाला तो तापाने आजारी पडला. स्ट्रेंजने त्याला तिथेच ठेवलं, इथली भाषा शिक, चालीरीती बघ, पुढच्या खेपेला उपयोग होईल म्हणून. सोबत बियाणं आणि शेळ्या. पुढची खेप झालीच नाही. हा पठ्ठ्या वर्षभर माक्विनाच्या आश्रयाला राहिला. माक्विनाच्या तान्ह्या मुलाचा पाळणा ओलांडला म्हणून मार खाल्ला, घराबाहेर काढला गेला. १७८७ मध्ये बार्कले नावाच्या कप्तानाने त्याला उचलून आणलं.

दुसरा अलेक्झांडर वॉकर, मुंबई फौजेतला कोवळा अधिकारी. त्याने ह्या सफरीची बारकाईने टिपणं ठेवली, आणि मॅके परत मुंबईत आल्यावर त्याला गाठून नूटकाची हकीकत विचारून घेतली. हाच वॉकर पुढे बडोद्याला गायकवाडांच्या दरबारात रेसिडेंट झाला. काठियावाडच्या संस्थानिकांशी १८०७ मध्ये खंडणीचे करार ठरवणारा आणि तिथल्या मुलींच्या हत्येविरुद्ध लिहून घेणारा वॉकर तो हाच. बडोद्याच्या इतिहासात त्याचं नाव पदोपदी भेटतं, पण त्याने तारुण्यात माक्विनाच्या गावात लाकडी घरांची आणि नावांची वर्णनं लिहिली होती हे तिकडे कोणी सांगत नाही.

---

जहाजी_काका

बोकोबा, वॉकरवर वेगळा धागा काढा. प्रतिसादात गुंडाळू नका.

---

मिरगाचा पाऊस

मी व्हँकुव्हर बेटावरच राहते. युकॉटला रस्ता नाही. गोल्ड रिव्हरहून बोटीने जावं लागतं, खाडीतून काही तासांचा प्रवास. ऊन पडलं तर नशीब म्हणायचं, नाहीतर सगळी वाट करड्या पावसातून. आता वर्षभर तिथे वस्ती नसल्यातच जमा. मोवाचाट लोक उन्हाळ्यात येऊन राहतात. जुन्या चर्चमध्ये स्पेन सरकारने दिलेल्या रंगीत काचा आहेत, त्यावर १७९२ ची ब्रिटिश कप्तान व्हँकुव्हर आणि स्पॅनिश अधिकारी बोदेगा इ क्वाद्रा ह्यांची भेट. बंदर एवढं लहान आहे की दोन साम्राज्यं ह्यासाठी भांडली हे तिथे उभं राहून पटत नाही.

ऊदमांजरांचं सांगायचं तर ती ह्या किनाऱ्यावरून पार संपली होती. १९११ च्या आंतरराष्ट्रीय कराराने शिकार थांबली, पण इथे वाचवायला उरलं होतं काय? १९६९ ते १९७२ मध्ये अलास्काहून ८९ जनावरं आणून बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर सोडली. आज आहेत ती त्यांची पिल्लावळ. उताणी तरंगत, पोटावर दगड ठेवून शिंपले फोडत असतात. शिंपले-खेकड्यांवर पोट असणारे मात्र त्यांच्यावर खार खाऊन आहेत.

---

पुराणपुरुष

एक मुद्दा. मेअर्सने तिथे माक्विनाकडून जमीन विकत घेतली होती, पिस्तुलांची जोडी देऊन. मग ब्रिटिशांचा दावा खोटा कसा? तुम्ही लोक मेअर्सवर उगाच घसरता.

---

खाडीपलीकडचा

ते मेअर्सचं म्हणणं. आता दुसरी बाजू. १७९२ मध्ये क्वाद्राने विचारल्यावरून ग्रे आणि जोसेफ इनग्रॅहम ह्या दोघा अमेरिकनांनी लेखी जबाब दिला. जमीन विकल्याचं आमच्या कानावर आलेलं नाही, असं त्यांनी लिहिलं. आणि ते इंग्रज निशाणाचं 'घर'? त्यांच्या मते खोपट. १७८८ मध्ये निघताना डग्लसने त्याच्या फळ्या काढून 'इफिजिनिया'वर टाकल्या, छप्पर अमेरिकन कप्तान केंड्रिकला दिलं आणि ते 'कोलंबिया' जहाजावर सरपण म्हणून जळलं. मार्तिनेझ आला तेव्हा जप्त करायला घरच शिल्लक नव्हतं.

अमेरिकनांचंही सगळं डोळे झाकून घेऊ नका. त्यांची स्पॅनिशांशी सलगी होती. पण डिक्सन तर इंग्रजच ना? मेअर्सचा जीव वाचवणाऱ्यांपैकी एक. त्यानेही १७९० मध्ये मेअर्सच्या थापांवर पुस्तिका छापली.

म्हणून हे स्कूनर मला महत्त्वाचं वाटतं. जमिनीवर वाद, घरावर वाद, झेंड्यावर वाद. पण जहाज बांधलं होतं, ग्रेने बघितलं होतं, आणि मार्तिनेझने ते घेतलं होतं. मेअर्सच्या तक्रारीत एवढी निर्विवाद वस्तू दुसरी फारशी नव्हती.

---

शमी

जप्तीनंतर जहाजाचं काय झालं? आणि फंटरचं?

---

खाडीपलीकडचा

मार्तिनेझने त्याचं नाव 'सांता हेर्त्रूदिस ला माग्ना' ठेवलं. त्याच्या बायकोचंही नाव हेर्त्रूदिस, त्यामुळे संतीणबाईंना किती श्रेय द्यायचं ते तुम्ही ठरवा. जूनमध्येच होसे मारिया नार्वाएझला त्यावरून व्हँकुव्हर बेटाच्या दक्षिणेची ह्वान दे फुका सामुद्रधुनी बघायला पाठवलं, जुलैच्या सुरुवातीला तो परत आला. मोसम संपल्यावर स्पॅनिश मेक्सिकोतल्या सान ब्लासला परतले.

१७९१ मध्ये हाच नार्वाएझ 'सांता सातुर्निना' नावाच्या छोट्या स्कूनरवरून आजच्या व्हँकुव्हर शहराच्या पाण्यात शिरला. तिथे पोचलेला पहिला युरोपीय तो. हे स्कूनर म्हणजे आपल्याच गलबताचं पुन्हा जोडलेलं रूप की वेगळ्या सामानातून बांधलेलं, ह्यावर अभ्यासकांत एकमत नाही. काकांनी ओल्या लाकडाबद्दल लिहिलंय ते वाचून मी वेगळ्या जहाजाच्या बाजूने झुकतो.

फंटर आणि त्याच्या खलाशांना 'कोलंबिया'वरून चीनला पाठवलं. 'कोलंबिया'चा कप्तान आता केंड्रिकऐवजी ग्रे होता. त्याने तीच खेप पुढे बोस्टनपर्यंत नेली आणि पृथ्वीला वळसा घालणारं पहिलं अमेरिकन जहाज म्हणून नाव काढलं.

---

तिरकस

आणि पैसे? एवढा आरडाओरडा केला त्याचं फळ?

---

खाडीपलीकडचा

मेअर्स एप्रिल १७९० मध्ये लंडनला पोचला, महिनाअखेर तक्रार दाखल. पंतप्रधान धाकट्या पिटच्या सरकारने तिचं सोनं केलं. संसदेने दहा लाख पौंड मंजूर केले, आरमार सज्ज झालं. स्पेनने फ्रान्सकडे मदत मागितली, पण तिथे क्रांती चालू, राजाच्या हातात काही नव्हतं. एकट्या स्पेनने २८ ऑक्टोबर १७९० ला करार करून माघार घेतली. त्या किनाऱ्यावर फक्त आमचाच हक्क, हा त्यांचा जुना दावा तिथे खिळखिळा झाला.

मेअर्सने नुकसानभरपाई मागितली ६,५३,४३३ स्पॅनिश डॉलर. त्यात ह्या स्कूनरसोबत जप्त झालेली 'आर्गोनॉट' आणि 'प्रिन्सेस रॉयल' ही जहाजं आणि मिळाला असता तो नफाही धरलेला. १७९३ मध्ये ठरले २,१०,०००.

---

तिरकस

मागायचे साडेसहा आणि घ्यायचे दोन. विम्याचा दावा करणाऱ्याला ह्यात नवीन काही नाही.

---

पुराणपुरुष

जमिनीबद्दल अजून पटलेलं नाही. ग्रे-इनग्रॅहमचा जबाब स्पॅनिश पाहुणचार झोडल्यावर लिहिलेला आहे. पण छप्पर जळाल्याचा मुद्दा मान्य.

---

बोकोबा

काका, वॉकरचा धागा लिहायला घेतलाय. नूटकापासून बडोद्यापर्यंत यायचंय, त्यामुळे दोन भाग होतील. शमी, त्यात माक्विनाच्या गावातल्या घरांचं वर्णन सविस्तर देईन, तिथे कप्तान लोक कमी आणि गावकरी जास्त आहेत.

---

शमी

वाट बघते. आणि खाडीपलीकडचे, वर मूळ लेखात कॅलिकमचा परिच्छेद टाका, खाली प्रतिसादात कोण वाचतंय.